खान्देशातून समुद्रविज्ञानाकडे : महासागरी प्रवाहांचा अभ्यास हे आयुष्यभराचे काम म्हणून कसे आहे?

प्रश्न : अनेरकाठ

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील असून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्य विषय भौतिकशास्त्र, जोडीला गणित. गेल्या पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यानंतर तापीच्या पुलावर उभी राहून ते गढूळ पाणी पाहत असताना, सुरतेजवळ समुद्राला मिळाल्यावर हे पाणी पुढे कोठे जाते, असा प्रश्न मला पडला. आमच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी महासागरातील प्रवाह आणि ते मोजण्यासाठी समुद्रात सोडली जाणारी स्वयंचलित यंत्रे यांविषयी थोडे सांगितले. तेव्हापासून मिळेल ते वाचत आहे, आणि पुढे भौतिक समुद्रविज्ञानच घ्यावे असे मनात पक्के होत चालले आहे.

अडचण अशी की विचारावे असे ओळखीत कोणी नाही. समुद्र मी एकदाच, मावशीकडे सुरतला गेले असताना डुमसच्या किनाऱ्यावर पाहिला, आणि तोही ओहोटीच्या वेळी, त्यामुळे समोर पाण्यापेक्षा चिखलच अधिक होता. आमची केळीची बाग आहे. वडिलांचा, म्हणजे नानांचा, विरोध नाही. पण त्यांचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे माझ्यापाशी नाहीत. नाना स्वतः मोजमापाला मानणारे आहेत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते विहिरीत गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती हातांवर आहे हे पाहतात आणि वहीत लिहून ठेवतात. २००६ पासून एकही वर्ष चुकलेले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, ज्या कामात आयुष्य घालवायचे ते काम रोज सकाळी उठून नेमके काय करायचे असते, हे आधी समजून घे.

म्हणून विचारते. या क्षेत्रातील माणसाचे रोजचे काम कसे असते? गणित कितपत लागते? एम.एस्सी. कोठे करावी? मुलींना जहाजावर जाता येते का? आणि पाच-सहा वर्षे शिकल्यावर नोकरीची शक्यता किती आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : पांझराकाठ

तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. वयाने बराच मोठा असल्याने एकेरी लिहितो आहे. मी मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. गेली सत्तावीस वर्षे गोव्यात राहून समुद्राच्या प्रवाहांवर काम करतो आहे.

आधी नानांच्या वहीविषयी लिहितो, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या वहीतच आहे. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, ठरलेल्या वेळी वर्षानुवर्षे मोजत राहणे, हे आमच्या शास्त्राचे निम्मे काम आहे. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून मिळते. ती सुरू झाली तेव्हा गरज होती बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी भरती-ओहोटीचे अंदाज बांधण्याची; आज हिंदी महासागराची पातळी शतकभरात किती चढली याचा विचार करणारे जगभरचे अभ्यासक त्याच नोंदीकडे वळतात, कारण इतकी जुनी नोंद या महासागरात क्वचितच आढळते. माझ्यातर्फे नानांना एक विचार: इतक्या वर्षांत दोर कधी बदलला का, आणि बदलला असल्यास नवा दोर जुन्याशी ताडून पाहिला होता का?

आता कामाविषयी. महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. सूर्यप्रकाश वरच्या दोनशे मीटरांतच जवळजवळ संपतो, आणि रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरतच नाहीत. त्यामुळे उपग्रहाला समुद्राचा फक्त पृष्ठभाग वाचता येतो. तो मात्र उत्तम वाचता येतो: भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या 'सरल' उपग्रहासारखी साधने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजतात, आणि त्या उंचसखलपणावरून वरच्या पाण्याचा प्रवाह कोणीकडे आहे याचे गणित करता येते. पण त्याखाली काय चालले आहे हे कळण्यासाठी कोणते तरी यंत्र पाण्यात खाली उतरवावेच लागते. ते उतरवणे, त्याने दिलेल्या आकड्यांतली चूक शोधणे, आणि उरलेल्या आकड्यांतून पाणी कोठून कोठे आणि का जाते हे उलगडणे, असा आमचा दिवस असतो. माझ्या अनुभवात वर्षाचे तीस-चाळीस दिवस जहाजावर जातात आणि बाकीचे संगणकासमोर. ही गोष्ट नानांना स्पष्ट सांग, कारण अनेकांच्या मनात उलटे चित्र असते.

तुझ्या सरांनी सांगितलेली यंत्रे म्हणजे 'आर्गो' प्रकल्पाचे फ्लोट. माणसाच्या उंचीच्या आसपासची ही नळकांडी असतात. फ्लोट समुद्रात सोडला की तो हजार मीटर खाली जाऊन तेथल्या पाण्याबरोबर नऊ-दहा दिवस वाहत राहतो, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, आणि तेथून वर येताना दाब, तापमान व क्षारता मोजत येतो. पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहामार्फत आकडे पाठवतो आणि पुन्हा बुडी मारतो. त्याला पंखा नाही की सुकाणू नाही. आतले तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की वजन तेच राहून आकारमान वाढते, आणि तो वर येतो. तेल परत आत घेतले की खाली जातो. आर्किमिडीजचा नियम तू शाळेत शिकली आहेस, तोच हा. दोन हजार मीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो, आणि त्या दाबात हे काम चार-पाच वर्षे विनादुरुस्ती चालावे लागते. हा प्रकल्प या शतकाच्या प्रारंभी सुरू झाला, २००७ च्या नोव्हेंबरात जगभर तीन हजार फ्लोट झाले, आणि आज ती संख्या चार हजारांच्या आसपास आहे. हिंदी महासागरातील फ्लोटांच्या माहितीचे प्रादेशिक केंद्र हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत आहे, आणि सर्व आकडे कोणालाही विनामूल्य मिळतात. तू चोपड्यात बसून ते आज रात्री उतरवून घेऊ शकतेस.

जहाजावरचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे काम कसले असते ते कळेल. विषुववृत्ताजवळ आमचे जहाज एका ठरलेल्या बिंदूवर थांबले होते. रात्रीचे अडीच वाजले होते. सीटीडी, म्हणजे विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे उपकरण, आणि त्याभोवती वर्तुळात लावलेल्या चोवीस बाटल्या, असा तो पिंजरा विंचच्या तारेवर सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने चार हजार मीटर खाली जाऊन वर यायला तीन तास लागले. खाली जाताना आलेख पडद्यावर उमटत जातो. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. पिंजरा डेकवर आला की खरे काम सुरू होते. क्षारतेच्या नमुन्यासाठी काचेची लहान बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची, तिचा गळा कोरडा पुसायचा, झाकण घट्ट लावायचे, आणि बाटलीवरचा क्रमांक दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचायचा व तिसऱ्याने वहीत लिहायचा. गळ्यावर मिठाचा एक कण राहिला तरी आकडा बिघडतो. बाहेर अंगाला घाम सुटलेला असताना सर्वांत खोलच्या बाटलीतून हातावर येणारे पाणी फ्रिजमधल्या पाण्यासारखे गार असते. ते पाणी कधीतरी अंटार्क्टिकाजवळ थंड व जड होऊन बुडालेले, आणि तळातळाने शेकडो वर्षे प्रवास करून येथवर आलेले. ते पहिल्यांदा हातावर घेतले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तो गारवा मला अजून आठवतो.

यश नेहमी मिळतेच असे नाही. समुद्रतळाशी वजन बांधून, वर तरंगते गोळे लावून, मध्ये तारेवर प्रवाहमापक बसवलेली यंत्रांची माळ आम्ही वर्ष-दीड वर्ष पाण्यात ठेवतो; तिला मूरिंग म्हणतात. परत काढताना जहाजावरून ध्वनीचा सांकेतिक संदेश देतात, खालचा हूक उघडतो, वजन तळाशी राहते आणि माळ वर येते. एका मोहिमेत आम्ही अशा ठिकाणी परतलो, संदेश दिला, हूक उघडल्याचे उत्तरही आले, पण वर काहीच आले नाही. सूर्यास्तापर्यंत दुर्बिणीने पाणी न्याहाळले. बहुधा मधल्या काळात मासेमारीच्या जाळ्यात माळ अडकून वरून तुटली असावी. चौदा महिन्यांची नोंद गेली, आणि तिच्यावर ज्याचा प्रबंध उभा राहायचा होता त्या विद्यार्थ्याला विषय बदलावा लागला. या कामात येताना अशा नुकसानाची तयारी मनाशी ठेवावी लागते.

आता तापीच्या पाण्याविषयी. तापी खंबातच्या आखातात मिळते, आणि ते आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत गेल्याने भरतीचे पाणी आत कोंडून चढते: भावनगरकडे उधाणाच्या वेळी ही चढ-उतार दहा मीटरच्या आसपास जाते, तर मुंबईत साधारण चार-पाच मीटर राहते. तू डुमसला पाहिलेला चिखल त्याचाच परिणाम. तेथील भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरदार आहेत की गोडे व खारे पाणी लवकरच घुसळले जाते, आणि मग तापीचे पाणी वेगळे ओळखता येत नाही. पुढे ते किनारी पाण्याचा भाग होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे वाहू लागतो. त्या वेळी बंगालच्या उपसागरातले कमी खारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या पूर्व भागात येते. सोमालियाचा प्रवाहही मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतो, आणि पावसाळ्यात त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम वर्षभर एकाच दिशेने वाहतो. आपला समुद्र उत्तरेला आशिया खंडाने बंद केलेला आहे आणि त्यावरचे वारे वर्षातून दोनदा उलटतात, म्हणून तेथील प्रवाहांचा अभ्यास इतर कोठल्या समुद्रावरून उचलून आणता येत नाही. तो इथेच करावा लागतो.

शिवाय एखाद्या ठिकाणचा प्रवाह फक्त त्या ठिकाणच्या वाऱ्यावर ठरत नाही. बंगालच्या उपसागरात वाऱ्याने उठवलेली एक फार लांब व मंद लाट किनारा उजव्या हाताला ठेवून प्रवास करते, भारताचा पूर्व किनारा उतरते, श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनारा चढत उत्तरेकडे येते. त्यामुळे मालवणसमोरच्या पाण्यात आज जे घडते त्याचे एक कारण काही आठवड्यांपूर्वी विशाखापट्टणमच्या बाजूला असू शकते. मला या शास्त्रात सर्वांत अधिक ओढ लावणारी गोष्ट हीच आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. समुद्रातील प्रवाह मोजण्याचे एकक 'स्वेरड्रुप' आहे; म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर. हतनूरमधून एक लाख क्युसेक विसर्ग चालू आहे असे धरले, तर तो सेकंदाला सुमारे २,८३० घनमीटर होतो. अशा साडेतीनशे हतनूर एकत्र केल्या तर एक स्वेरड्रुप भरतो. जगातल्या सर्व नद्या मिळून समुद्रात ओतल्या जाणाऱ्या पाण्याची बेरीज एका स्वेरड्रुपहून थोडीच अधिक आहे, आणि फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून जाणारा एकटा गल्फ स्ट्रीम तीस स्वेरड्रुपांच्या आसपास आहे.

शिक्षण आणि नोकरीविषयी माझ्याहून अलीकडची माहिती असणाऱ्यांनी लिहावे.

उत्तर : तोरणमाळ

मी नंदुरबारची. भौतिक समुद्रविज्ञानात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. पांझराकाठ सरांनी निरीक्षणाची बाजू मांडली. माझे काम संगणकीय प्रतिमानांचे, म्हणजे मॉडेलिंगचे आहे, तेव्हा त्या बाजूने लिहिते.

गणिताविषयी विचारले आहेस. आंशिक विकलक समीकरणे, सदिश कलन आणि थोडी संख्याशास्त्राची बैठक एवढे घट्ट असेल तर सुरुवात होते. फिरत्या पृथ्वीवरचे द्रवगतिशास्त्र हा आमचा गाभा आहे, आणि तो बी.एस्सी.ला कोठेच शिकवत नाहीत, म्हणून घाबरू नकोस, एम.एस्सी.ला सर्वांची सुरुवात तेथूनच होते. एक उदाहरण देते. नान्सेन हा नॉर्वेजियन संशोधक १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत 'फ्राम' जहाजातून आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत गेला, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता तिच्या उजवीकडे सरकते हे त्याच्या लक्षात आले. त्याचे गणित एकमान या तरुण स्वीडिश अभ्यासकाने मांडले आणि १९०५ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. वारा, पृथ्वीचे फिरणे आणि पाण्याच्या थरांमधले घर्षण, एवढ्या तीन गोष्टींचा तोल त्या गणितात आहे. केरळच्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि तेथे मासळी भरपूर मिळते, याच्या स्पष्टीकरणात आजही ते गणित लागते. ते वहीवर स्वतः सोडवून पाहा. त्यात रमलीस तर पुढचे सर्व जमेल. आणि ते सोडवताना कंटाळा आला, तर निर्णय घेण्याआधी थांब, असे मी मनापासून सांगते.

गणितापेक्षा मला अधिक जड गेला तो संगणक. नंदुरबारला असताना मी प्रोग्रॅमिंगला हात लावला नव्हता, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात वर्गातल्या इतरांपेक्षा फार मागे पडले. पायथन आतापासून शीक. समुद्राचे आकडे नेटसीडीएफ नावाच्या स्वरूपात साठवतात. पायथनमध्ये ती फाइल उघडून, एका फ्लोटचा तापमान-खोली आलेख काढण्यापर्यंत तू परीक्षेआधीच्या सुट्टीत पोहोचू शकतेस.

जहाजाविषयी. मुली जातात, नियमित जातात. माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही पाच जणी होतो. डॉ. अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून १९८३ मध्ये भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेल्या, आणि त्यांच्यासोबत भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. डॉ. पंत यांचा विषय समुद्रातील जीवविज्ञानाचा होता, पण वाट त्यांनी सर्वांसाठी मोकळी केली. खोली दोघींत एक मिळते, काम चार-चार तासांच्या पाळ्यांत चालते, आणि जहाजावर घरी फोन रोज लागेलच असे नसते. हे शेवटचे आईला आधी सांगून ठेव. माझ्या आईने पहिल्या मोहिमेत अकरा दिवस काळजीत काढले. समुद्र लागतो, म्हणजे मळमळ होते, ती बहुतेकांना होते; मला तीन दिवस भाकरीचा वाससुद्धा सहन झाला नाही, आणि चौथ्या दिवशी आपोआप बरे वाटले. त्यावरून कोणाची योग्यता ठरत नाही.

पैशाचे सांगायचे तर, नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे एम.एस्सी.नंतर घरावर ओझे राहत नाही. माझ्या नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना, ही एक गोष्ट कळल्यावर त्यांचे बाकीचे प्रश्न कमी झाले.

उत्तर : गिरणाखोरे

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना या वाटेची माहिती देतो. शिक्षणाच्या जागा अशा: कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्रविज्ञानाची जुनी आणि चांगली एम.एस्सी. आहे, विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात आणि गोवा विद्यापीठातही या विषयाचे शिक्षण मिळते. भुवनेश्वर आणि खरगपूर येथील आयआयटींमध्ये महासागर व हवामान यांचे विभाग आहेत, आयआयटींतील एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करूनही या विषयात पीएच.डी.ला जाता येते, आणि माझा सल्ला बहुधा हाच असतो, कारण त्यामुळे पुढे इतर वाटाही उघड्या राहतात. नेट परीक्षेत भू, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे; गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान या पेपरमध्येही वातावरण व महासागर यांचा विभाग निवडता येतो.

वरच्या दोन्ही उत्तरांत कामाविषयीचे प्रेम आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु नोकरीच्या प्रश्नाला थेट उत्तर अजून मिळालेले नाही, म्हणून ते देतो. कायम स्वरूपाच्या शास्त्रज्ञपदांची संख्या थोडी आहे, आणि जाहिरात निघण्याची वाट पाहण्यात काही वर्षे जाऊ शकतात. संस्था मोजक्या आहेत: गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६), तेथेच ध्रुवीय संशोधनाचे केंद्र, हैदराबादची इन्कॉइस, चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, अहमदाबादचे इस्रोचे अंतराळ उपयोग केंद्र, कोचीची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा. पीएच.डी.नंतर परदेशी दोन-चार वर्षे करारावर काम करणे हे जवळजवळ गृहीत धरले जाते. ज्या घराला पदवीनंतर लगेच पगार हवा आहे, त्या घरातल्या मुलाला मी ही वाट सुचवत नाही.

उलट बाजूही सांगतो. बंदरे, समुद्रातली तेलक्षेत्रे, किनारी बांधकामे यांना प्रवाह आणि लाटा जाणणारी माणसे लागतात, आणि ते काम करणाऱ्या खाजगी सल्लागार कंपन्या आहेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास चालतो. पुण्याला गेल्यास ते काम पाहण्याची परवानगी मिळते का ते विचार. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली, त्यामुळे प्रकल्पांवरची पदे वाढली आहेत. मात्र प्रकल्पाचे पद आणि कायमचे पद यांतला फरक नानांना नीट समजावून सांग.

आणि खान्देशच्या माणसाला हा विषय दूरचा वाटू नये. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात अतिशय तीव्र एल निनो होता, म्हणजे तेथले पाणी नेहमीपेक्षा फार तापले होते; अशा वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस घटतो, तरी भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू उबदार आणि पूर्व बाजू थंड झाली होती. या झोक्याला हिंदी महासागर द्विध्रुव असे नाव देऊन १९९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि ते करणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञ होते. २०१९ मध्ये हाच द्विध्रुव फार तीव्र होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पाऊस रेंगाळून वेचणीला आलेला कापूस भिजला. एका वर्षाच्या पावसाला एकच कारण जोडणे बरोबर नाही, पण तो अंदाज सुधारायचा तर समुद्राच्या पोटातली उष्णता मोजावीच लागेल.

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तोरणमाळ ताई, एकमानचे गणित दोन दिवस घेऊन सोडवले. एका ठिकाणी चिन्ह चुकल्याने प्रवाह डावीकडे वळत होता, ती चूक काल रात्री सापडली. गिरणाखोरे सर, आपले उत्तर नानांना पूर्ण वाचून दाखवले. प्रकल्पाच्या पदाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला सांगितला.

पांझराकाठ सर, दोराविषयी विचारले. पूर्वी अंबाडीचा दोर होता आणि २०१६ च्या आखाजीला नाना नायलॉनचा नवा दोर घेऊन आले. दोन्ही ताडून पाहिले नव्हते. वहीत २०१५ ला पाणी चाळीस हातांवर आहे आणि २०१६ ला एकदम त्रेचाळीस. आजवर आम्ही सर्व ते वर्ष फार वाईट होते असेच समजत होतो. जुना दोर गोठ्यात खुंटीला अजून टांगलेला आहे. आता काय करावे?

पांझराकाठ

दोन्ही दोर अंगणात शेजारी शेजारी ताणून ठेव आणि जुन्या दोराच्या चाळीस गाठी नव्या दोराच्या किती गाठींपर्यंत पोहोचतात ते पाहा. वर्षानुवर्षे टोकाच्या वजनाने ओढला गेलेला दोर लांबतो, गाठींमधले अंतर वाढते, आणि मग मोजताना गाठी कमी भरतात. म्हणजे पाणी होते त्यापेक्षा वर आहे असे वहीत लिहिले जाते.

नेमकी हीच अडचण आर्गोच्या फ्लोटांना येते. समुद्रात राहून क्षारतेच्या संवेदकाचे माप हळूहळू सरकते, आणि फ्लोट परत आणून तपासता येत नाही. काही वर्षांपूर्वी बऱ्याच फ्लोटांचे संवेदक अपेक्षेपेक्षा लवकर जास्त क्षारता दाखवू लागले होते. खोल पाण्याची क्षारता फार थोडी बदलते, म्हणून त्याच भागात जहाजावरून घेतलेल्या बाटल्यांच्या आकड्यांशी फ्लोटचे खोलचे आकडे ताडतात आणि सरक किती झाली हे ठरवतात. फ्लोटचे आकडे चोवीस तासांच्या आसपास सर्वांना मिळतात, पण असे तपासून दुरुस्त केलेले आकडे यायला वर्षभर लागू शकते. ते तपासणारे माणूस म्हणजे भौतिक समुद्रविज्ञानाचा अभ्यासक. तुझ्या नानांनी विचारले होते ना, सकाळी उठून काय करायचे असते?

अनेरकाठ

आज सकाळी मोजले. नाना एका टोकाला उभे राहिले. जुन्या दोराच्या चाळीस गाठी नव्या दोराच्या बेचाळीस गाठींइतक्या भरल्या. म्हणजे २०१५ ला पाणी खरे तर बेचाळीस हातांवर होते, आणि २०१६ ला ते तीन नाही, एकच हात खाली गेले. नाना बराच वेळ वही उलटी-सुलटी चाळत बसले होते. २००६ ते २०१५ च्या सर्व आकड्यांत दोन-दोन हात मिळवून वही दुरुस्त करू का?

पांझराकाठ

सगळ्यांत दोन मिळवू नकोस. दोर नवीन असताना, २००६ च्या सुमारास, तो बरोबर असणार. ताण हळूहळू वाढला असणार, आणि दोन हातांचा फरक हा फक्त शेवटच्या वर्षाचा आहे. मधल्या वर्षांसाठी फरक शून्यापासून दोनपर्यंत थोडाथोडा वाढत गेला असे धरून चालावे लागेल, आणि तसे धरले आहे हे लिहून ठेवावे लागेल. तो दोर २००६ ला नवाच होता की आधीपासून वापरात होता, हे नानांना आठवते का ते आधी विचार, कारण सारा हिशेब त्यावर फिरतो.

नानांनी लिहिलेला आकडा खोडायचा नाही. त्याच्या शेजारी वेगळ्या शाईने दुसरा रकाना आख, त्यात दुरुस्त आकडा लिही, आणि वरती आजची तारीख व दोन्ही दोरांचे माप टाक. जुना दोर गोठ्यातच राहू दे. कोणी वापरायला नेऊ नये म्हणून त्याला चिठ्ठी बांध.